सुई बनत नाही तिथे रायफल

प्रश्न : मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. माली, नायजर, बुर्किना फासो या देशांच्या बातम्या आल्या की फोटो ठरलेला असतो. मोटारसायकलवर दोघे जण, पायात प्लास्टिकची चप्पल, डोक्याला फडकं आणि खांद्यावर एके-47. ज्या देशांत सुईसुद्धा बनत नाही असं आम्ही वर्गात सांगायचो, तिथे या रायफली येतात कुठून? आणि कुणी अडवत कसं नाही? (एक वाचक, मिरज)

उत्तर : गुरुजी, आधी सुईचं बघू. मालीत लोहारकी वंशपरंपरेने चालते आणि तिथले लोहार शिकाऱ्यांसाठी बंदुका पिढ्यानपिढ्या घडवत आले आहेत. घानाचे लोहारही या कामात वाकबगार आहेत. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. जळगाव जिल्ह्याच्या वेशीपलीकडे, मध्य प्रदेशातल्या उमर्टीचा गावठी कट्टा आपल्या पोलिसांच्या चांगला ओळखीचा आहे. पण कट्ट्याने गल्लीतलं वैर निघतं, फार तर एखादी टोळी माजते. त्याच्या जोरावर कुणी राजधानीवर चाल करून जात नाही.

तुमच्या फोटोतली रायफल लोहाराच्या भात्यापाशी घडलेली नाही, ती कारखान्यातून आलेली आहे. आणि गंमत अशी की ती जन्मली तेव्हा चोरटी नव्हती. अफू-गांजाचा चोरटा माल बहुधा शेतापासूनच चोरटा असतो. रायफलीचं तसं नसतं. तिच्यावर क्रमांक ठोकलेला असतो, तिचं बिल फाटलेलं असतं, घेणारा बहुतेक वेळा कुठल्यातरी देशाचा संरक्षण विभाग असतो. वाटेत कुठेतरी गोऱ्या बाजारातली काळ्या बाजारात जाते. ती जागा कोणती, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा आहे.

तिकडे जाण्याआधी मालाचा अंदाज घेऊ. जिनिव्हाच्या ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ या संस्थेने 2018 साली हिशेब मांडला, तेव्हा जगात 100 कोटींहून अधिक बंदुका निघाल्या. त्यांतल्या सुमारे 13 कोटी सैन्यांकडे, सव्वादोन कोटींच्या आसपास पोलिसांकडे आणि उरलेल्या, म्हणजे 85 कोटींहून जास्त, नागरिकांकडे. त्यातही 39 कोटी एकट्या अमेरिकेत. कलाश्निकोव्हच्या घराण्यातल्या रायफली आजवर साडेसात ते दहा कोटी बनल्या असाव्यात असं मानलं जातं. सोव्हिएत संघाने ती 1949 मध्ये सैन्यात घेतली, मग चीन, बल्गेरिया, रुमानिया, पूर्व जर्मनी, इजिप्त अशा कितीतरी देशांत कारखाने निघाले. चीनने 1956 पासून जी बनवली तिचं नाव ‘टाइप 56’. आपल्याकडे तिची एके-56 झाली. हा शब्द मराठी घरांत शिरला तो 1993 मध्ये, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर मुंबईच्या बॉम्बस्फोटांचा माल उतरल्यानंतर.

या रायफलीचा मोठा अवगुण म्हणजे ती मरत नाही. तुमच्या घरचा मिक्सर दहा वर्षांत कुरकुरायला लागतो. ही मात्र जेमतेम तेलपाण्यावर पन्नास वर्षं चालते. चिखलात पडली, वाळूत रुतली, तरी झटकून उचलली की पुन्हा तयार. लढाई संपते, तह होतो, फोटो निघतात आणि रायफल पुढच्या लढाईची वाट बघत माळ्यावर पडून राहते. तुमच्या फोटोतल्या तरुणाचं वय वीस असेल तर त्याच्या खांद्यावरची रायफल त्याच्या बापाच्या वयाची असू शकते.

मरते ती गोळी. ती एकदाच उडते, पुन्हा विकत घ्यावी लागते, म्हणून बंडखोरांची खरी गोची गोळ्यांची असते. तपास करणारेही रायफलीइतकंच गोळीकडे बघतात. चकमक झालेल्या जागी रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, बूड पुसायचं आणि भिंग लावायचं. बुडावर बारीक ठसा असतो. बहुतेक वेळा एका बाजूला कारखान्याचा सांकेतिक आकडा आणि दुसऱ्या बाजूला सालाचे दोन अंक. वाळवंटात लोक कोण होते, कुठे गेले हे सांगायला कुणी नसतं, पण बोटाच्या पेराएवढी पुंगळी आपलं जन्मगाव सांगते. साल अगदी अलीकडचं निघालं तर समजायचं की हा जुना साठा नव्हे, कुणीतरी आत्ताच पुरवठा केलाय.

आता ती गोऱ्याची काळी होण्याची जागा. ती बहुतेक वेळा जंगलात नसते, टेबलावर असते. शस्त्रं निर्यात करायची तर घेणाऱ्या सरकारने लिहून द्यावं लागतं की हा माल आमच्याच सैन्यासाठी आहे, पुढे कुणाला देणार नाही. याला अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र म्हणतात. एक लेटरहेड, एक शिक्का, एका मोठ्या अधिकाऱ्याची सही. बस्स. न्हावा शेव्याला कस्टम्सची कामं करणारे माझे एक स्नेही आहेत. ते म्हणतात, “पेटी बोलत नाही, कागद बोलतो. कागद चोख असला की पेटी सरळ निघते.” ते बोलत होते ते फरशांबद्दल, पण बंदुकांचं शास्त्र वेगळं नाही.

एक प्रकरण जरा खोलात सांगतो, कारण त्यात सगळंच आहे. ऑगस्ट 2000. मिलानजवळ चिनिझेल्लो बाल्सामो नावाचं गाव आहे, तिथल्या हॉटेलच्या एका खोलीवर इटालियन पोलिसांनी कोकेनसाठी धाड घातली. खोलीत सापडला लिओनिद मिनिन, युक्रेनमध्ये जन्मलेला, इस्रायली पासपोर्टवाला, धंदा म्हणाल तर लायबेरियातल्या जंगलाचं लाकूड विकण्याचा. कोकेन मिळालं, हिरे मिळाले आणि कागदांचा ढीग मिळाला. त्यात आयव्हरी कोस्टचा तेव्हाचा लष्करशहा रॉबर्ट गुई याच्या सहीचं एक प्रमाणपत्र होतं. त्याच्या आधारावर नुकत्याच जुलै महिन्यात युक्रेनहून एक अजस्र अँटोनोव्ह विमान 113 टन माल घेऊन आबिजानला उतरलं होतं. माल म्हणजे कलाश्निकोव्हच्या 50 लाख गोळ्या. त्यातला मोठा वाटा लहान विमानाने शेजारच्या लायबेरियात गेला. लायबेरियावर 1992 पासून संयुक्त राष्ट्रांची शस्त्रबंदी होती. तिथला अध्यक्ष चार्ल्स टेलर शेजारच्या सिएरा लिओनमधल्या बंडखोरांना पोसत होता, हात-पाय तोडणाऱ्या बंडखोरांना.

बघा, गुरुजी : लाकूड आफ्रिकेचं, दलाल युक्रेनी, पैसा युरोपातला, विमान सोव्हिएत बनावटीचं, कागद आयव्हरी कोस्टचा, गोळ्या लायबेरियात आणि तुटलेले हात सिएरा लिओनमध्ये. खटला चालला इटलीत. न्यायालय म्हणालं, माल इटलीच्या भूमीवरून गेलाच नाही, मग आम्ही शस्त्रांच्या गुन्ह्याचा न्याय करायचा कोणत्या अधिकाराने? शस्त्रांच्या आरोपातून मिनिन सुटला. न्यायालयाचं कायद्याने चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि तेच जास्त बोचतं. धंद्याला सरहद्द उरली नव्हती, कायद्याला मात्र होती.

जागतिकीकरण म्हणतात ते या धंद्यात असं शिरलं. सोव्हिएत संघ फुटल्यावर मालवाहू विमानं आणि पगार थकलेले वैमानिक भाड्याने मिळू लागले. शस्त्रांचा रशियन दलाल व्हिक्टर बूट याच लाटेवर मोठा झाला. त्याची विमानं कधी शस्त्रं वाहत, कधी फुलं, कधी गोठवलेल्या कोंबड्या. 2008 मध्ये बँकॉकला पकडला गेला, अमेरिकेत 25 वर्षांची शिक्षा झाली आणि 2022 मध्ये एका अमेरिकन बास्केटबॉलपटूच्या बदल्यात रशियाला परत गेला. जहाजांचं तर आणखी मजेशीर आहे. लायबेरियाचा झेंडा लावलेली हजारो जहाजं जगभर फिरतात, त्यांची नोंदणी होते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या कार्यालयात. त्या नोंदणीच्या शुल्कातला पैसा टेलरच्या शस्त्रवाहतुकीकडे वळल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तपासपथकाने 2001 मध्ये दाखवून दिलं. वाण्याच्या दुकानातली साखर ज्या जहाजाने आली, त्याच्या झेंड्याचं भाडं कुठे जातं हे वाण्याला तरी कुठून कळणार?

हे सगळं तिकडचं, असं वाटत असेल तर पुरुलिया आठवा. 17 डिसेंबर 1995 च्या रात्री पश्चिम बंगालमधल्या पुरुलिया जिल्ह्यात हवाई छत्र्यांना बांधलेल्या पेट्या आकाशातून पडल्या. सकाळी शेताकडे निघालेल्या लोकांना शेकडो एके-47 आणि लाखो गोळ्या दिसल्या. विमान लात्वियात विकत घेतलेलं, वैमानिक तिकडचेच, माल बल्गेरियाचा, बुर्गास बंदराच्या विमानतळावरून निघालेला. दलाल पीटर ब्लीच हा इंग्रज, सूत्रधार किम डेव्ही हा डॅनिश. आणि कागदावर खरेदीदार कोण? बांगलादेश. माल टाकून विमान थायलंडला गेलं, परतताना हवाई दलाने ते मुंबईत उतरवलं आणि सहार विमानतळावरून किम डेव्ही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला. बाकीच्यांना 2000 मध्ये जन्मठेप झाली. वैमानिक त्याच वर्षी सुटले, ब्लीच 2004 मध्ये. डेव्हीला भारताच्या हवाली करायला डेन्मार्कच्या न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा नकार दिला. पेट्या कुणासाठी होत्या, यावर अजून वाद आहेत. कागद खोटा होता, यावर नाहीत.

आता तुमच्या मालीकडे येतो. टिंबक्टू शहराला एक स्मारक आहे. 27 मार्च 1996 रोजी तिथे सुमारे 3,000 बंदुका रचून त्यांची होळी केली होती. वाळवंटातल्या तुआरेग जमातीच्या बंडखोरांशी समेट झाला होता, त्यांनी शस्त्रं खाली ठेवली होती, अध्यक्ष आल्फा ओमर कोनारे स्वतः हजर होते, घानाचे अध्यक्ष रॉलिंग्ज आले होते. जळून वाकलेल्या बंदुका सिमेंटमध्ये बसवून तिथे ‘शांतीची ज्योत’ उभारली. नुसता देखावा नव्हता तो. मालीने पुढाकार घेतला आणि 1998 मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या देशांनी लहान शस्त्रांची आयात स्वतःहून थांबवण्याचा करार केला. श्रीमंत देशांना न सुचलेलं शहाणपण जगातल्या अगदी गरीब देशांनी दाखवलं होतं.

मग 2011 मध्ये लिबियात गद्दाफीची सत्ता कोसळली. चाळीस वर्षं तेलाच्या पैशांतून त्याने शस्त्रं साठवली होती, रशियाची, बेल्जियमची, जिथून मिळतील तिथली. नाटोच्या विमानांनी त्याला हटवायला मदत केली, पण कोठारांच्या दारावर पहारा ठेवायचं कुणालाच सुचलं नाही. लोक पिकअप गाड्या घेऊन यायचे, भरून न्यायचे. गद्दाफीच्या सैन्यात नोकरी करणारे तुआरेग आपल्या शस्त्रांसकट वाळवंट ओलांडून मालीत परतले. जानेवारी 2012 मध्ये बंड पेटलं. मार्चमध्ये राजधानी बामाकोत मालीच्याच सैनिकांनी सरकार उलथवलं, आणि त्यांची तक्रार काय होती? बंडखोरांशी लढायला आम्हाला पुरेशी शस्त्रं आणि गोळ्या देत नाहीत! 1 एप्रिलला टिंबक्टू पडलं. ज्योतीच्या स्मारकापासून फार लांब जावं लागलं नाही बंडखोरांना. लवकरच तुआरेग बंडखोरांनाही बाजूला सारून जिहादी गट शहराचे मालक झाले.

इथे एक दुरुस्ती करतो, कारण सगळं लिबियावर ढकलायची सवय पत्रकारांना लागली आहे, मलाही होती. पहिला भडका लिबियाच्या मालाने उडाला हे खरं. पण त्यानंतर साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यातल्या, जिहाद्यांकडची बरीच शस्त्रं तिथल्याच सैन्यांकडून आली, चौक्या लुटून किंवा कुणाचा तरी हात ओला करून. नोव्हेंबर 2021 मध्ये बुर्किना फासोत इनाता इथल्या चौकीवर हल्ला झाला, पन्नासच्या आसपास जवान मारले गेले. मागाहून कळलं की त्यांना दोन आठवडे शिधाच पोचला नव्हता, ते रानातली जनावरं मारून पोट भरत होते. उपाशी चौकी पडली की तिचं शस्त्रागार हल्लेखोरांना आयतं मिळतं. पुढच्या अडीच महिन्यांत सरकारही पडलं. म्हणजे जगाच्या बाजारातून अगदी रीतसर, कर भरून, पावती घेऊन आलेली रायफल शेवटी त्याच मोटारसायकलवर.

त्या मोटारसायकलचंही पाहा. ती चीनची असेल किंवा आपली. पश्चिम आफ्रिकेत आपल्या बजाजची बॉक्सर टॅक्सी म्हणून धावते. साहेलच्या वाळूतल्या ज्या वाटांनी बंदुका जातात, त्याच वाटांनी सिगारेटी जातात, युरोपची आस धरून निघालेली माणसं जातात आणि गोळ्यांचा दुसरा प्रकारही जातो, औषधाच्या गोळ्या. ट्रॅमॅडॉल ही वेदनाशामक गोळी तिकडे नशेसाठी खातात, आणि ती बऱ्याच अंशी भारतातून गेलेली असते. भारताने 2018 मध्ये तिच्यावर अमली पदार्थांच्या कायद्याखाली नियंत्रण आणलं. 2025 मध्ये त्याच जातीच्या दुसऱ्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवणाऱ्या, पालघर जिल्ह्यात कारखाना असलेल्या कंपनीवर कारवाई झाली. मुंबईपासून दोन तासांवर. सीमेवरचा तोच शिपाई, तोच ट्रकवाला, तीच लाच. रस्त्याला आपल्यावरून काय चाललंय याच्याशी देणंघेणं नसतं.

“प्रादेशिक असुरक्षितता” हा शब्द वर्तमानपत्रात वाचून मला तरी काही दिसत नाही. दिसतं ते युगांडाच्या करामोजा भागात. तिथले पशुपालक एकमेकांची गुरं पळवायचे, ही जुनी रीत. लग्नात मुलीकडे गुरं द्यावी लागतात, म्हणून तरुण टोळी करून शेजाऱ्याच्या खिल्लारावर धाड घालत. भाले असत. एखाददुसरा मरे, जाणती माणसं बसून मिटवत. 1979 मध्ये इदी अमीनचं सैन्य पळालं, मोरोटोची बराक उघडी पडली आणि लोकांनी रायफली वाहून नेल्या. भाल्याने एकाला मारायला जवळ जावं लागतं, डोळ्यांत बघावं लागतं. रायफलीने एका दुपारी गाव संपतं. पुढे या भागात रायफलीचा भाव गाईंमध्ये सांगितला जाऊ लागला, जसा आपल्याकडे कधीकाळी जमिनीचा खंड पायलीत सांगत.

युगांडा सरकारने 2001 मध्ये शस्त्रं जमा करायची मोहीम काढली. काहींनी विश्वासाने आणून दिली. ज्यांनी दिली, त्यांचीच गुरं न दिलेल्यांनी आणि सीमेपलीकडच्यांनी पळवली. मग त्यांनी पुन्हा खरेदी केली. शहाणी माणसं होती ती! शेजाऱ्याच्या खुंटीला रायफल टांगलेली असेल तर आपली काठी किती दिवस पुरणार? केनियातले तुर्काना तोच विचार करतात, दक्षिण सुदानमधले तोपोसाही तोच. तीन देशांच्या सीमेवर प्रत्येकाने आपलं घर सांभाळायला घेतलेली बंदूक दुसऱ्याला धमकी वाटते. कुणा एकाने आधी खाली ठेवावी म्हटलं तर तो आधी मरतो. टिंबक्टूची होळी मला म्हणूनच चटका लावते. मालीने घर आवरलं होतं, आग लागली ती शेजारच्या शेजाऱ्याकडे.

आपल्या शेजारचंही एक कोठार असंच उघडं पडलंय. 2021 मध्ये अमेरिका अफगाणिस्तानातून निघाली तेव्हा अफगाण सैन्याला दिलेली तीन लाखांहून अधिक लहान शस्त्रं तिथेच राहिली. त्या जातीच्या एम-4 रायफली काश्मीरमधल्या चकमकींनंतर सापडल्या आहेत. ऐंशीच्या दशकात सोव्हिएत सैन्याविरुद्ध अमेरिकेच्या पैशाने कराचीमार्गे गेलेल्या चिनी रायफली अशाच आपल्याकडे परतल्या होत्या.

प्रश्न : शस्त्रव्यापारावर संयुक्त राष्ट्रांचा करार झालाय म्हणतात. त्यावर भारताने सही का केली नाही? (एक वाचक, कराड)

उत्तर : झालाय. 2 एप्रिल 2013 रोजी आमसभेत 154 विरुद्ध 3 मतांनी मंजूर झाला. विरोधात इराण, उत्तर कोरिया आणि सीरिया. भारत तटस्थ राहिला. आपलं म्हणणं असं की करार विकणाऱ्यांच्या बाजूला झुकलाय. विकणारा देश त्याचा आधार घेऊन उद्या ठरलेला पुरवठा अचानक थांबवू शकतो, आणि घेणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. शिवाय दहशतवादी गटांना शस्त्रं देण्याबद्दल मजकूर पुरेसा कडक नाही. पहिला मुद्दा मला पटतो, जगातल्या मोठ्या शस्त्रखरेदीदारांत आपण आहोत, आपण का घाबरू नये? दुसरा मुद्दा खरा आहे, पण म्हणून बाहेर बसणं मला पटत नाही. पुरुलियाच्या पेट्या ज्या देशात पडल्या त्याने या टेबलावर पहिली खुर्ची घ्यायला हवी होती. अमेरिकेने 2013 मध्ये सही केली आणि 2019 मध्ये काढता पाय घेतला, चीन 2020 मध्ये सामील झाला. म्हणजे पंगतीतही गोंधळच आहे.

कराराच्या बाहेरही कुणी काही करतं का, असं विचाराल तर एक बारीक गोष्ट आवडली ती सांगतो. जर्मनीने ठरवलं की माल विकल्यावर मागाहून जाऊन बघायचं. प्रमाणपत्रावर लिहिलंय तिथेच तो आहे का, एवढंच. त्यांची अशी पहिली तपासणी झाली 2017 मध्ये, आणि ती भारतात. दोन याद्या समोर ठेवायच्या, एक विकणाऱ्याची, एक घेणाऱ्याची. मग एकेक रायफल हातात घ्यायची, अंगावरचा क्रमांक मोठ्याने वाचायचा आणि यादीत पेन्सिलीने खूण करायची.